नववीच्या मुलांना युद्धाचे नियम शिकवायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

तापीकाठचा_मास्तर

नमस्कार मंडळी.

चोपडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो. परवा मधल्या सुट्टीत नववीची पाच-सहा पोरं वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात एका मोबाइलवर वाकून बसली होती. शाळेत मोबाइलला बंदी आहे, पण कुणीतरी आणतोच. व्हिडिओ परदेशातल्या युद्धाचा होता. खंदकात एक सैनिक उताणा पडलाय, दोन्ही हात वर केलेत आणि वरून ड्रोन बॉम्ब टाकतोय. पोरं क्रिकेटची मॅच बघावी तशी ओरडत होती. मी मोबाइल काढून घेतला तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं, "सर, हात वर केले तरी मारता येतं का?"

प्रश्न चांगला होता, पण तेवढ्यात घंटा झाली. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून जात नाही.

मी शिकवतो त्या धड्यांत युद्धं भरपूर आहेत. कोण जिंकलं, तह कुठे झाला, सन कोणता, सगळं आहे. युद्धात काय करायचं नाही यावर मला एक तासही घेता आलेला नाही. आणि मुलांना युद्ध तर रोज दिसतंय, खिशातल्या फोनवर, कसलीही चाळणी न लावता. मग नियम त्यांना कोण सांगणार?

१२ ऑगस्टला १९४९ च्या चार जिनिव्हा करारांचा दिवस येतो. तो धरून तीन-चार तास घ्यावेत असं मनात आहे. मुख्याध्यापकांची हरकत नाही. पालकसभेत मात्र दोघं-तिघं म्हणाले, "शत्रूला कसले नियम, मास्तर? पोरांना मवाळ करू नका."

विषय शिकवायचा हे माझं नक्की आहे. कसा शिकवायचा आणि पालकांना काय सांगायचं, ते तुम्ही सांगा.

केळीबाग_रावेर

वाचतोय. आमच्या भाच्याच्या फोनवरही हेच चालतं. लिहा मंडळी.

माजी_सुभेदार

मास्तर, पालकांचं उत्तर मी देतो. मी पारोळ्याचा. पायदळात नोकरी केली, आता शेती बघतो.

पोरं मवाळ होतील ही भीती सोडा. हे नियम आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवले जात होते. शरण आलेल्यावर गोळी नाही. जखमी आपला असो की त्यांचा, उपचार आधी. कैद्याची झडती घ्यायची, हत्यार काढायचं, पण त्याचं घड्याळ, पैसे, घरच्यांचा फोटो त्याच्याकडेच राहू द्यायचा. हे शिकवणारे उस्ताद मवाळ नव्हते, एवढं खात्रीने सांगतो.

यामागे हिशेबही आहे. शरण आलेल्याला तुम्ही मारता ही बातमी पलीकडे गेली, की पुढचा कुणी शरण येत नाही. शेवटच्या गोळीपर्यंत लढतो, आणि ती गोळी आपल्याच पोराला लागते. दुसरं म्हणजे कैद्यावर हात टाकायची मोकळीक मिळालेली तुकडी उद्या हुकूमही ऐकत नाही. आणि तिसरं, आपलीही माणसं त्यांच्या हाती सापडतात.

पालकांना कारगिलमधली एक गोष्ट सांगा. जुलै १९९९, टायगर हिल. पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान तिथे लढताना मारला गेला. 'कर्नल' हे त्याचं नावच होतं. त्याच्या शौर्याबद्दल आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी चिठ्ठी लिहून त्याच्या खिशात ठेवली आणि मृतदेह परत पाठवला. त्याला पुढे निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. त्याच युद्धात पाकिस्तानने आपले म्हणून न स्वीकारलेल्या सैनिकांचे मृतदेह आपल्या जवानांनी त्या उंचीवर त्यांच्या धर्माच्या विधीप्रमाणे दफन केले. ज्यांनी हे केलं तेच टायगर हिल जिंकले. त्यांना मवाळ म्हणायची कुणाची छाती आहे?

पोराच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. हात वर केलेल्याला मारता येत नाही. मारलं तर तो गुन्हा.

रोखठोक_एरंडोल

सुभेदार साहेब, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो. कारगिलमध्ये पाकिस्तानच्या हाती सापडलेले कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे देह आपल्याला कोणत्या अवस्थेत परत मिळाले? तेव्हा जिनिव्हा करार कुठे होता? नियम पाळायचे आपण आणि मोडायचे त्यांनी, असं मुलांना शिकवायचं का?

माजी_सुभेदार

रोखठोक, तो विषय निघाला की आजही माझ्या अंगाची आग होते. पण आपण त्याला गुन्हा म्हणतो ते कशाच्या जोरावर? कैद्याचा छळ करायचा नाही असा नियम आहे, त्यांनीही त्यावर सही केलेली आहे, म्हणून. नियमच नाही म्हटलं, तर कालियांच्या बाबतीत तक्रार करायला आपल्याकडे काय उरतं?

अॅड_जळगावकर

सुभेदारांच्या मुद्द्याला कायद्याची बाजू जोडतो.

चारही जिनिव्हा करारांना भारताने १९५० मध्ये मान्यता दिली. संसदेने त्यावर १९६० चा जिनिव्हा करार कायदा केला. त्यानुसार करारांचा गंभीर भंग हा आपल्याच कायद्याखाली गुन्हा आहे. संरक्षित व्यक्तीला (म्हणजे जखमी, कैदी, नागरिक अशांना) जाणूनबुजून ठार मारलं तर शिक्षा फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत. मात्र खटल्याची दखल कोर्ट सरकारच्या तक्रारीवरच घेतं, सामान्य माणसाला थेट जाता येत नाही. १९७७ चे जादा प्रोटोकॉल, म्हणजे या करारांना जोडलेले पुरवणी करार, भारताने स्वीकारलेले नाहीत. मुलांना हेही सांगा, लपवू नका.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर तर करारातच आहे, मास्तर. चौथ्या कराराचं कलम १४४ काढून बघा. शांततेच्या काळातही आणि युद्धाच्या काळातही या कराराचा जास्तीत जास्त प्रसार करायचा, तो लष्करी शिक्षणात आणि शक्य असेल तर नागरी शिक्षणात घ्यायचा, असं देशांनी कबूल केलंय. बाकीच्या तीन करारांतही असंच कलम आहे. पालकांनी 'कुणी सांगितलं शिकवायला' विचारलं तर सांगा, आपल्या देशाने सही केली आहे.

तापीकाठचा_मास्तर

वकीलसाहेब, कलम १४४ सोन्यासारखं आहे. पुढच्या पालकसभेत फळ्यावरच लिहितो.

यावलची_काळी_माती

मास्तर, राग मानू नका. आमच्या गावच्या शाळेत पावसाळ्यात दोन वर्ग गळतात. गणिताला शिक्षक नाही. केळीला भाव नाही म्हणून पोरांचे बाप कर्जात आहेत. त्यात तुम्ही जिनिव्हा घेऊन येताय. आधी पोरांना टक्केवारी काढता येऊ द्या. युद्ध दिल्लीत ठरतं आणि सीमेवर होतं. यावलच्या पोराला त्याचं काय?

सिस्टर_धुळे

काळी माती दादा, गळक्या वर्गाबद्दल तुमचं एकदम खरं. पण 'यावलच्या पोराला काय' हे पटत नाही. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून किती मुलं सैन्यात आणि सीआरपीएफमध्ये जातात, ते पहाटे भरतीच्या तयारीला धुळ्याच्या रस्त्यांवर पळणाऱ्या पोरांकडे बघितलं की कळतं. उद्या बंदूक त्यांच्याच हातात येणार आहे.

नंदुरबारना_पोऱ्या

सिस्टर, गोट खरी शे. मना मोठा भाऊ फौजमा शे. घर उना का मायले सांगस, "मी ठीक शे", बाकी काहीच बोलत नही. हाई धागा त्याले दाखाडसू.

अमळनेरची_मावशी

माझा भाचा युक्रेनमधल्या खारकिव्हला मेडिकलला होता, म्हणून दोन शब्द लिहिते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि ही मुलं तळघरात गेली. १ मार्चला तिथे कर्नाटकातला एक भारतीय विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा निरोप आला, मिळेल त्या मार्गाने, नाहीतर पायी, संध्याकाळच्या आत शहराबाहेरच्या पिसोचिनला पोहोचा. माझा भाचा बर्फातून चालत गेला. पाठीवर एक बॅग, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि घरून भरून नेलेल्या कळण्याच्या पिठाची पिशवी त्याने मित्राच्या खोलीवरच सोडली. ते पीठ माझ्या बहिणीने स्वतः दळून दिलं होतं. तो सुखरूप पोचल्यावरही ती आधी पिठाचंच विचारत राहिली, रडू आवरायला माणसाला काहीतरी लागतं.

त्या दोन दिवसांत 'नागरिक' या शब्दाचा अर्थ आमच्या घरातल्या प्रत्येकाला समजला. नागरिकाला बाहेर पडायला वाट द्यायची असते, त्याच्या घरावर नेम धरायचा नसतो, हे आम्ही टीव्हीसमोर बसून देवाला सांगत होतो. काळी माती भाऊ, अमळनेरचा पोरगा होता तो. युद्ध त्याला विचारून आलं नाही.

यावलची_काळी_माती

मावशी, भाचा सुखरूप आला हे वाचून बरं वाटलं. माझा आक्षेप विषयाला नाही, शाळेत वेळ कुठून आणणार याला आहे. त्याचं कुणी सांगा.

भूगोल_बाई_साक्री

वेळ आहे. नववी-दहावीला संरक्षणशास्त्र हा विषय आहेच. त्याची तासिका कित्येक ठिकाणी गणित-विज्ञानाच्या जादा तासाला जाते, हे आपण सगळे शिक्षक जाणतो. तीच परत मागा. वेगळा विषय नको, वेगळी परीक्षा तर मुळीच नको. परीक्षा आली की मुलं 'जिनिव्हा करार किती? चार' एवढं पाठ करतील आणि संपलं.

तारखेचंही बघा. ८ मे हा जागतिक रेड क्रॉस दिन, पण तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी. २४ जूनला सोल्फेरिनोच्या लढाईचा दिवस असतो, तेव्हा शाळा नुकती उघडलेली आणि निम्मी मुलं पेरणीला. १२ ऑगस्ट बरोबर आहे. तीन दिवसांनी झेंडावंदन, मुलं हजर असतात.

केळीबाग_रावेर

फक्त आपल्या खानदेशी कानबाईच्या सणाचा रविवार त्याच्या आगेमागे येत नाही ना बघा. रोटाचा प्रसाद संपेपर्यंत आमच्याकडचं एक पोरगं शाळेत दिसायचं नाही. :)

वाचनवेडी_भडगाव

सोल्फेरिनोबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मुलांना माणसाची गोष्ट लागते, कलमं नंतर.

२४ जून १८५९, उत्तर इटली. एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. आंरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी आपल्या धंद्याच्या कामाने तिकडे गेला होता. लढाई संपली तेव्हा हजारो जखमी नुसते पडून होते, पाणी द्यायलाही कुणी नाही. शेजारच्या कास्तिलियोने गावातल्या बायकांना हाताशी धरून त्याने देवळात जखमी आणले. कोण कुठल्या बाजूचा हे त्या बायकांनी बघितलं नाही. पुढे १८६३ मध्ये रेड क्रॉसची समिती उभी राहिली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल द्युनांला विभागून मिळालं. मधल्या काळात त्याचं दिवाळं निघालं होतं आणि जग त्याला जवळजवळ विसरलं होतं.

मला त्या गावच्या बायका फार महत्त्वाच्या वाटतात. कायदा व्हायच्या आधी कायद्यातलं काम त्यांनी करून दाखवलं.

जुनं_पान

सोल्फेरिनो ठीक, पण आपल्याकडे काही नव्हतं का? महाभारतात युद्धाआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले: शस्त्र टाकलेल्यावर, पळणाऱ्यावर, सारथ्यावर वार नाही. रात्री झोपलेल्यांना मारणाऱ्या अश्वत्थाम्याला आपल्या आज्या अजून नावं ठेवतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषारी बाणांना मनाई आहे. आणि शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेलं पत्र तर प्रत्येक मराठी मुलाने वाचलं पाहिजे.

भूगोल_बाई_साक्री

त्या पत्राला +१. महाराज त्यात किती बारीक बघतात! दाणागोटा आताच उधळलात तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचं धान्य, भाजी, लाकूड उचलाल, आणि लोकांना वाटेल याहून मोगल बरे. रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल. सैन्याने रयतेला त्रास द्यायचा नाही हे तिथे नुसतं तत्त्व म्हणून सांगितलेलं नाही, त्यासाठी रसद कशी सांभाळायची तेही सांगितलंय.

रोखठोक_एरंडोल

पण जुनं_पान, महाभारतातले नियम त्याच युद्धात मोडले गेले. द्रोण, कर्ण, दुर्योधन, प्रत्येकाच्या वेळी मोडले. मुलं हेच विचारतील.

जुनं_पान

विचारू द्या की. कर्णाचं चाक रुतलं तेव्हा कोण बरोबर, यावर आपल्याकडे हजारो वर्षं भांडण चालू आहे. नियम माहीत आहे म्हणून तर भांडता येतं.

शिरपूरचा_भटक्या

मास्तर, तुम्ही सोल्फेरिनो, जिनिव्हा करत बसलात आणि तुमच्या हाकेच्या अंतरावर थाळनेर आहे! चोपड्याहून शिरपूर रस्त्याने निघालं की तापीकाठी थाळनेरचा किल्ला. आता पडके बुरूज आणि मातीचे ढिगारे उरलेत. खानदेशच्या फारूकी सुलतानांची ही जुनी राजधानी. पण मला सांगायचंय ते १८१८ चं.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला मुलूख इंग्रजांना दिला. फेब्रुवारीच्या शेवटी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला. तहाप्रमाणे किल्ला रिकामा करा म्हणून किल्लेदाराला निरोप गेला. आतून गोळीबार झाला, मग इंग्रजांनी तोफा लावल्या. बाहेरचे दरवाजे पडत गेले, किल्लेदार बाहेर येऊन इंग्रजांच्या ताब्यात गेला. आतल्या दरवाजाशी अरब शिपायांशी बोलणी चालू असताना काही इंग्रज अधिकारी आत शिरले आणि तिथे झटापट झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. त्यानंतर इंग्रजी फौजेने आतल्या जवळपास ३०० माणसांना कापून काढलं. आणि आधीच ताब्यात आलेल्या किल्लेदाराला हिस्लॉपने त्याच संध्याकाळी फासावर चढवलं.

पुढचं ऐका. १८१९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात या मोहिमेबद्दल आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरचा विषय निघाला आणि हिस्लॉपच्या वागण्यावर तिथे प्रश्न उठले. जिंकलेल्या सेनापतीला त्याच्याच देशात, जिनिव्हा करार व्हायच्या पंचेचाळीस वर्षं आधी, जाब विचारणारे लोक निघाले.

मुलांना तिथे न्या. त्या दरवाजाच्या जागी उभं करा आणि विचारा: शरणागती झाली होती का? आतल्या माणसांना त्यांच्या भाषेत अटी सांगितल्या होत्या का? ताब्यात असलेल्या किल्लेदाराला शिक्षा द्यायचीच होती तर आधी चौकशी कुणी करायची? तीन तास पुरणार नाहीत.

तापीकाठचा_मास्तर

भटक्या, तुम्ही माझा पहिला तास ठरवून टाकलात. सहलीच्या परवानगीचा अर्ज आजच लिहितो.

केळीबाग_रावेर

थाळनेरला गेलात तर येताना शिरपूरला शेवभाजी खाऊन या. रस्सा लालभडक, वर तर्री, शेव जाडच पाहिजे.

नंदुरबारना_पोऱ्या

शेवभाजी धुळानी! शिरपूरनी नही.

शिरपूरचा_भटक्या

हे मात्र सहन होणार नाही. :D

व्यवस्थापक

शेवभाजीसाठी पाककृती विभागात आधीच दोन धागे आहेत. कृपया विषयावर या.

विचारी_भुसावळकर

विषयावर येतो. भुसावळ आणि वरणगाव या दोन्ही ठिकाणी आयुध निर्माणी आहे. वरणगावला छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात, आमच्या नात्यातली निम्मी माणसं तिथे नोकरीला. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांना 'गोळी' हा विषय घरचा आहे. मग गोळीपासूनच सुरू करा ना. शरीरात शिरून पसरणारी गोळी १८९९ च्या हेग परिषदेत निषिद्ध ठरली. त्या गोळीला जगभर 'दमदम' म्हणतात, कारण ती कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तयार झाली होती. त्याआधी १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली. कारण साधं होतं. सैनिकाला लढाईतून बाहेर काढलं की काम झालं, त्यापुढची वेदना फुकटची. कारखान्यात वजन-माप बघणाऱ्या घरातल्या मुलाला हे लगेच समजेल.

आणि ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलच्या यादीत भुसावळचं नाव होतं, हे इथल्या मुलांच्या लक्षात आहे. भोंगा वाजला तर काय करायचं ते त्यांना सांगितलं गेलं. भोंगा वाजवायला लावणाऱ्यावर कोणती बंधनं आहेत, ते तुम्ही सांगा.

रोखठोक_एरंडोल

सगळं वाचलं. थाळनेरचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. तरी माझा मूळ प्रश्न उरतोच. बलाढ्य देश दवाखान्यांवर बॉम्ब टाकतात आणि त्यांचं काही होत नाही. मुलं हे रोज बघतात. कायदा आहे म्हणून सांगायला गेलं तर ती तुम्हाला हसतील, आणि मग बाकी सगळ्याच कायद्यांना हसतील. ही भीती मला खरोखर वाटते.

अॅड_जळगावकर

रोखठोक, ही भीती रास्त आहे. म्हणूनच मुलांना दोन्ही सांगायचं, कुठे कायदा हरला आणि कुठे लागू झाला.

१९९१ मध्ये क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक या जुन्या शहरावर तोफा डागल्या गेल्या. त्याबद्दल मिओद्राग योकिच या नौदल अधिकाऱ्याला हेगच्या न्यायालयाने २००४ मध्ये ७ वर्षांची शिक्षा दिली. सैनिकाला कायमचं आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रावर १९९५ मध्ये बंदी आली, ते रणांगणावर रुळायच्या आधीच. आपल्या देशाने स्वतःचा रासायनिक शस्त्रांचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्ट करून टाकला. हे कुणी बातम्यांत दाखवत नाही, कारण न पडलेल्या बॉम्बचा व्हिडिओ निघत नाही.

आणि मोठे देश सुटतात, हेही तितकंच स्पष्ट सांगा. मुलांपासून ते लपत नाही.

सिस्टर_धुळे

मुलांना हाताने करण्यासारखं काही हवं असेल तर एक सुचवते. लाल क्रॉस हे दवाखान्याचं चिन्ह नाही, ते युद्धातलं संरक्षणाचं चिन्ह आहे. ज्याच्यावर ते असेल त्याच्यावर गोळी झाडायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्या कुठल्याही बाजारपेठेत फिरा. मेडिकलच्या पाटीवर, डॉक्टरांच्या गाडीवर, अगदी पॅथॉलॉजीच्या पिशवीवरही ते दिसतं. लोकांचा हेतू वाईट नसतो, माहिती नसते. वकीलसाहेब, याला कायदा आहे ना?

अॅड_जळगावकर

आहे. त्याच १९६० च्या कायद्यात. परवानगीशिवाय चिन्ह वापरलं तर ५०० रुपयांपर्यंत दंड, आणि ज्या मालावर ते लावलं तो जप्त होऊ शकतो. दंड जुन्या काळातला राहिला, पण मनाई पक्की आहे.

सिस्टर_धुळे

मग मुलांना गटागटाने बाजारात पाठवा. कुठे कुठे लाल क्रॉस दिसतो ते वहीत लिहायचं. दुकानदारांना, "काका, हे चिन्ह युद्धातल्या जखमींचं आहे, तुम्ही पांढऱ्या क्रॉसचं हिरवं चिन्ह लावाल का?" असं विचारायचं. भांडायचं नाही, तक्रार करायची नाही. चार दुकानदारांनी जरी पाटी बदलली तरी मुलांना आयुष्यभर लक्षात राहील. शाळेत ज्युनिअर रेड क्रॉस असेल तर त्याच्याच नावाने करता येईल.

यावलची_काळी_माती

हे आवडलं. याला गळकं छप्पर आड येत नाही. आमच्या मास्तरांनाही सांगतो.

वाचनवेडी_भडगाव

आपल्या हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचा व्हिडिओ घ्या, मास्तर. मुलांना त्यांची मिशी पाठ आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला ते पाकिस्तानच्या हाती लागले, १ मार्चला परत आले. चहाच्या व्हिडिओत त्यांना विमान कोणतं, मोहीम काय होती असं विचारलं, तेव्हा हे मी सांगायचं नाही असं ते शांतपणे म्हणतात. ते तसं का म्हणाले, विचारा मुलांना. तिसऱ्या कराराच्या कलम १७ प्रमाणे युद्धकैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर सांगायचा, बस्स. आणि कलम १३ प्रमाणे कैद्याला लोकांच्या तमाशाची वस्तू करायची नाही. डोळे बांधलेल्या, रक्ताळलेल्या अभिनंदन यांचा व्हिडिओ फिरवला गेला तेव्हा आपल्या परराष्ट्र खात्याने जिनिव्हा कराराचं नाव घेऊनच निषेध केला होता.

मग मुलांना सांगा, दुसऱ्या देशाच्या कैद्याचा असा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला तर तो पुढे पाठवू नका. त्या कैद्याच्याही घरी कुणी टीव्हीसमोर बसलेलं असतं.

अमळनेरची_मावशी

भडगावच्या ताई, शेवटचं वाक्य मनाला लागलं.

नंदुरबारना_पोऱ्या

एक शंका. (भाऊ म्हणाला, सगळ्यांना समजेल असं लिही.) आमच्या नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांवर गोळ्या झाडल्या. ती पण शाळकरी मुलं. ते या कायद्यात येतं का?

अॅड_जळगावकर

नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे. ते युद्ध नव्हतं, निःशस्त्र मिरवणुकीवर पोलिसांचा गोळीबार होता. अशा वेळी युद्धाचा कायदा लागत नाही. जी बंधनं लागतात ती जास्त कडक असतात, कारण समोर शत्रूचं सैन्य नसून नागरिक असतात. मास्तर, हा प्रश्न तासाला जरूर घ्या. नंदुरबारच्या पोराने नेमकी जागा पकडली.

तापीकाठचा_मास्तर

मंडळी, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. थाळनेरची परवानगी मिळायची आहे, पण काल पहिला तास घेतला. भडगावच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे अभिनंदन यांच्यापासून सुरुवात केली. वर्ग एकदम शांत. मग प्रश्नांची जी झड लागली ती घंटेनंतरही थांबेना. मला नीट उत्तर देता येईल असं वाटलं नाही ते इथे टाकतो:

जखमी सैनिक पडलाय, पण हातात ग्रेनेड आहे. मारायचं की नाही?

ड्रोनसमोर हात वर केले तर ड्रोन कैद कसं करणार?

दवाखान्याच्या गच्चीवर शत्रूने मशीनगन लावली तर दवाखान्यावर मारा करता येतो का?

माजी_सुभेदार

पहिल्याचं उत्तर: संरक्षण लढणं थांबवलेल्याला. जखमी असूनही ग्रेनेड फेकायला हात उचलत असेल तर त्याने लढणं थांबवलेलं नाही. ग्रेनेड टाकला, निपचित पडला, तर तो आपला पेशंट. निर्णयाला सेकंद मिळतो, म्हणून तो आधी शंभर वेळा डोक्यात झालेला असावा लागतो. ट्रेनिंग त्यासाठीच.

दुसरं: ड्रोन उडवणाराही सैनिकच असतो, तो फक्त स्क्रीनपलीकडे बसलेला असतो. मे २०२३ मध्ये बाखमुतजवळ एका रशियन सैनिकाने ड्रोनसमोर शरणागतीची खूण केली. युक्रेनच्या लोकांनी ड्रोनमधूनच चिठ्ठी टाकून त्याला मागे यायला सांगितलं आणि रस्ता दाखवत ताब्यात घेतलं. म्हणजे जमतं. मुलांना हा किस्सा सांगा, आधीचा व्हिडिओ त्यांनी बघितलाच आहे.

अॅड_जळगावकर

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. दवाखान्याचा वापर शत्रूला इजा करण्यासाठी झाला तर त्याचं संरक्षण जाऊ शकतं. पण चौथ्या कराराचं कलम १९ सांगतं की आधी इशारा द्यायचा, शक्य तिथे वाजवी मुदत द्यायची, आणि इशारा ऐकला नाही तरच. दवाखान्यात जखमी सैनिक उपचार घेताहेत किंवा त्यांच्याकडून काढलेली हत्यारं कोपऱ्यात पडली आहेत, एवढं कारण पुरत नाही. आणि मुदत संपली तरी आतले रुग्ण नागरिकच असतात, त्यांचा विचार मारा करणाऱ्याला करावाच लागतो.

तापीकाठचा_मास्तर

'वाजवी मुदत' म्हणजे किती, हे मुलं लगेच विचारणार.

सिस्टर_धुळे

ते मी सांगेन, मास्तर. कायद्यात तास लिहिलेले नाहीत, वॉर्डात मात्र ते मोजता येतात. मुलांना आधी आकडा फळ्यावर लिहायला लावा. कुणी अर्धा तास म्हणेल, कुणी एक.

मग त्यांना आमचा वॉर्ड द्या. दोन पेशंट ऑक्सिजनवर, म्हणजे सिलिंडर सोबत न्यायचा आणि तो उचलायला दोन माणसं. कालच सिझेरियन झालेली बाई, ती जिना उतरू शकत नाही आणि लाइट गेली तर लिफ्ट बंद. काचेच्या पेटीतली दोन बाळं. डायलिसिसवरचा माणूस, त्याला मशीनवरून नीट काढायलाच वेळ लागतो. मांडीला वजन बांधलेले म्हातारे बाबा. स्ट्रेचर चार, वॉर्डबॉय तीन, रात्रपाळीला सिस्टर दोन. अँब्युलन्स येईल तेव्हा येईल.

प्रत्येक गटाने ठरवायचं, आधी कोण, कुणाबरोबर, कोणत्या वाटेने. मग फळ्यावरचा आकडा बदलायचा की ठेवायचा. पुढच्या शनिवारी माझी सुट्टी आहे. सकाळची शाळा असेल तर मी धुळ्याहून पहिल्या एसटीने येते. एक जुनं स्ट्रेचर मिळालं तर तेही आणते, मुलांना दोघांनी मिळून तिसऱ्याला जिन्यावरून उतरवून बघू दे.